न्याहारी बाहेर, नासाडी घरात

हैदराबादच्या अंबरपेठेत कोणी सकाळी गरम इडली वा पेसरट्टूचा आस्वाद घ्यावा, यास आमची हरकत नाही. भाजी-पावाचे भोक्ते असलेल्या आपण ती घ्यावी तरी कशी? प्रश्न आहे तो घरी उरणाऱ्या अन्नाचा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले; त्यातील ६० टक्के घराघरांतून, उपाहारगृहांतून २८ टक्के. भारतीय घरांत ही नासाडी माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो आहे.

सकाळी बाहेर खावयाचे ठरले असेल, तर आदल्या रात्रीच बेताने रांधावे. उरलेच, तर फोडणीचा भात वा पोळीचा कुस्करा ही आपली जुनीच न्याहारी आहे. त्या दिवशी बाहेरचा बेत पुढे ढकलावा. हॉटेलात टाकलेल्या घासाचे बिल हाती पडते, घरी टाकलेल्याचे पडत नाही. म्हणूनच तो अधिक महाग, असे आम्हांस वाटते.