अकराजे : ब्राझीलच्या रस्त्यावरचा चवळीचा वडा

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर साल्व्हादोर नावाचं जुनं शहर आहे, बाइया प्रांताची राजधानी. १७६३ पर्यंत ते पोर्तुगीज ब्राझीलचीच राजधानी होतं. तिथे संध्याकाळ झाली की चौकाचौकांत पांढराशुभ्र घेरदार झगा, डोक्याला पांढरं फडकं आणि गळ्यात रंगीत मण्यांच्या माळा घातलेल्या बायका कढई मांडून बसतात. या बाइयाना. त्यांच्या कढईत शेंदरी रंगाच्या तेलात फुगत असतो तो अकराजे.

नाव परकं वाटलं तरी पदार्थ आपल्या ओळखीचा निघेल. भिजवलेल्या, सोललेल्या चवळीचा हा वडा. गोव्यात अळसांदे म्हणतो ते याच कुळातले. फरक एवढाच, की आपण वड्यात मिरची, आलं, जिरं, कढीपत्ता सगळं पिठातच घालून मोकळे होतो, आणि बाइयाना पिठात फक्त कांदा आणि मीठ घालते. बाकी सारी चव वडा मधोमध चिरून त्यात भरायची.

हा वडा मूळचा ब्राझीलचाही नाही. पश्चिम आफ्रिकेतले योरुबा लोक त्याला ‘अकारा’ म्हणतात आणि नायजेरियात आजही तो सकाळच्या न्याहारीला खातात. ‘जे’ म्हणजे खाणे. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांबरोबर तो अटलांटिक ओलांडून आला. साल्व्हादोरमध्ये गुलाम बायकांना मालक रस्त्यावर पदार्थ विकायला पाठवत. ठरलेली रक्कम मालकाच्या हातावर ठेवायची, वर उरेल ते तिचं. अशा पै-पैशातून कित्येकींनी स्वतःचं आणि आपल्या माणसांचं स्वातंत्र्य विकत घेतलं. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली, म्हणजे या कढयांनी त्याआधी किती पिढ्या काम केलं असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

अकराजे हा नैवेद्यही आहे. कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिलियन धर्मात वारा-वादळाची देवता इयान्सां हिला तो वाहतात. म्हणूनच ‘अकराजे कुणाचा’ हा वाद तिथे अधूनमधून पेटतो. काही ख्रिस्ती पंथीय विक्रेत्यांनी तोच वडा ‘येशूचा वडा’ म्हणून, पांढऱ्या पोशाखाशिवाय विकायला सुरुवात केली, तेव्हा बाइयानांना ते झोंबलं. मला त्यांची बाजू पटते. वडा कुणीही तळावा, पण ज्यांच्या देवाचा आहे त्यांचं नाव पुसून नव्हे. २००५ मध्ये ब्राझील सरकारने बाइयानांच्या या व्यवसायाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. तरीही २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीत त्यांना स्टेडियमपासून दूर ठेवायचं घाटत होतं. बायांनी सह्यांची मोहीम काढली, गाजावाजा केला आणि २०१३ च्या स्पर्धेपासून त्यांच्यातल्या काहींना आवारात जागा मिळाली.

आता स्वयंपाकघरात चला. दोन वाट्या पांढरी, काळ्या डोळ्याची चवळी मिक्सरमध्ये एक-दोनदाच फिरवून भरडून घ्या. अशी भरड चार-पाच तास पाण्यात ठेवली की हाताने चोळताच सालं सुटून वर तरंगतात. ती ओतून टाकायची, पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा चोळायचं. काळे डोळेही गेले पाहिजेत. काम कंटाळवाणं आहे खरं, पण सालं राहिली तर वडा काळपट आणि जड होतो. चार हात असतील तर गप्पांत उरकतं.

मग पाणी पूर्ण निथळून, जमेल तितक्या कमी पाण्यात मऊ वाटा. आणि खरी मेहनत पुढेच आहे : लाकडी डावाने हे पीठ दहा-पंधरा मिनिटं एकाच दिशेने फेटा. उडदाचा चिकटपणा चवळीला नाही, त्यामुळे आत कोंडलेली हवाच वड्याला हलकं करते. थेंबभर पीठ पाण्यात टाकून तरंगलं की झालं, ही आपली मेदूवड्याची खूण इथेही चालते. सोडा घालू नका. एक मोठा कांदा बारीक किसून, आणि चवीपुरतं मीठ, हे अगदी तळायच्या वेळी मिसळा. आधी घातलं तर पाणी सुटून पीठ सैल पडतं.

बाइयाना तळते ते ‘देंदे’त, म्हणजे ताडाच्या जातीच्या एका आफ्रिकी झाडाच्या फळांच्या लालभडक तेलात. आपल्या दुकानातलं शुद्ध केलेलं पाम तेल म्हणजे ते नव्हे. त्यात ना तो रंग, ना वास. शेंगदाण्याचं तेल घ्या, आणि रंगासाठी हळद घालायचा मोह टाळा. तेल तापताना त्यात एक सोललेला अख्खा कांदा सोडायची त्यांची रीत मात्र जरूर उचला. दोन मोठ्या चमच्यांनी पिठाला आकार देत मध्यम आचेवर तळा. वडा मोठा असतो, घाई केली तर आतून कच्चा राहतो.

आत भरायचा तो ‘वातापा’. नाव ऐकून अगस्ती ऋषी आठवले तर नवल नाही, पण संबंध काही नाही! शिळ्या पावाचे चार तुकडे दाट नारळाच्या दुधात भिजवा. अर्धी वाटी काजू, मूठभर भाजलेले शेंगदाणे, आलं, कांदा आणि अर्धी वाटी भाजलेले सोडे यांबरोबर वाटून, चमचाभर तेलावर कडा सोडेपर्यंत घोटा. शाकाहारी घरात सोडे वगळावेत. काजू-नारळावरही तो उत्तम लागतो. यातला काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेला. आणि नारळ त्याच पोर्तुगीजांबरोबर हिंदी महासागराच्या बाजूने तिकडे गेलेला. एका वाटीत दोन्ही परत भेटतात.

सोबत कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर आणि तिखटजाळ मिरचीचा ठेचा. भेंडीचं ‘कारुरू’ही भरतात, आपण भेंडीची तार घालवायला धडपडतो, त्यांना ती हवीच असते. आणि साल्व्हादोरला गेलात तर बाइयाना विचारेल, ‘गरम की थंड?’ ती वड्याबद्दल विचारत नसते. गरम म्हणजे मिरचीवाला.

पीठ उरलं तर फ्रीजमध्ये कोंबून ठेवू नका. त्यात थोडं तेल आणि सोड्यांची पूड मिसळून केळीच्या पानात बांधा आणि वाफवा. त्याला ‘अबारा’ म्हणतात आणि बाइयानांच्या टोपलीत तो अकराजेच्या शेजारीच असतो. तळलेलं चालत नसलेल्या आजी-आजोबांना तोच वाढा.