मावळातली यवनानी

तिकोणा पेठेतून गडाची वाट धरली की तासाभरात माथा गाठता येतो. शेवटच्या उंच पायऱ्या चांगलाच दम काढतात. मग एकदम समोर पवनेचं पाणी, त्यापलीकडे तुंग आणि उत्तरेला लोहगड-विसापूर. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हा तिकोणाही होता. बखरींच्या भाषेत सांगायचं तर गड यवनांच्या हाती गेला. शाळेत आपल्याला भेटलेला यवन हाच.

पण समोरच्या लोहगड-विसापूरच्या पलीकडे, इंद्रायणीच्या खोऱ्यात, कार्ल्याच्या लेण्यात आणखी एक यवन आहे. तो या तहाच्या दीड हजारांहून अधिक वर्षं आधीचा. त्याने गड घेतला नाही, खांब दिला. एक अख्खा दगडी खांब, आणि त्यावर स्वतःचं नाव.

'यवन' म्हणजे मुळात आयोनियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ग्रीक. इराणी लोक त्यांना 'यौन' म्हणत, प्राकृतात त्याचं 'योन' झालं आणि संस्कृतात 'यवन'. पुढे पश्चिमेकडून येईल तो यवन, असा शब्द सैल होत गेला. त्यांच्या लिखाणाची दखल आपल्याकडे फार आधी घेतली गेली होती. पाणिनीच्या ज्या सूत्राने इंद्राची इंद्राणी आणि भवाची भवानी होते, त्याच सूत्राने यवनाची 'यवनानी' होते. कुणीही म्हणेल, यवनाची बायको. कात्यायनाने वार्तिकात खुलासा केला: यवनानी म्हणजे यवनांची लिपी. भवानीच्या पंगतीत ग्रीक अक्षरं बसवणारं दुसरं व्याकरण जगात असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा मनात येतं, यवन मावळात आले, खांब देऊन गेले, तर त्यांची यवनानी इथे कुठे सापडते का? कार्ल्यात एकही ग्रीक अक्षर नाही. सगळे लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. चैत्यगृहात दोन्ही हातांना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब आहेत, स्तूपामागचे सात साधे. खांबांवर आणि दारांवर दात्यांची नावं आहेत. वैजयंतीचा शेठ भूतपाल म्हणतो, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम. धेनुकाकटचा अत्तरवाला सिंहदत्त आपण दिलेल्या दाराची नोंद करून ठेवतो. त्यांच्याच रांगेत, त्याच थाटाच्या वाक्यात, धेनुकाकटचा यवन सिहधय येतो: 'थंभो दानं'. खांब दान दिला, एवढंच. आपलं 'थांबणं' याच थंभाच्या घरातलं.

सिहधय म्हणजे सिंहध्वज. दुसऱ्या एका यवनाचं नाव धम्म, तिसऱ्याचं यसवधन, म्हणजे यशोवर्धन. ही काय ग्रीक नावं? त्यामुळे हे खरोखर ग्रीक वंशाचे, की ग्रीक म्हणवून घेणारे व्यापारी, की 'यवन' ही नुसती ओळख उरलेले देशी लोक, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. धेनुकाकट नेमकं कुठलं, यावरही एकमत नाही. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाणारे-येणारे इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी या डोंगरांत पायी भरपूर हिंडले आणि त्यांनी ते कार्ल्याच्या जवळपासच शोधलं. चैत्यातल्या एका खांबाच्या माथ्यावर स्फिंक्ससारखी आकृती आहे, तिच्याकडेही त्यांनी लक्ष वेधलं. ग्रीक अक्षर नाही, पण मिसरी-ग्रीक जनावर मात्र आहे!

जुन्नरला थोडी वेगळी गंमत आहे. तिथे यवन इरिल याने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. इरिल हे नाव काही केल्या देशी वाटत नाही. नाशिकच्या सतराव्या लेण्यातला दाता स्वतःला उत्तरेकडचा योनक म्हणवतो, दत्तामित्री नगरचा, म्हणजे डिमिट्रियस राजाच्या नावाच्या गावचा. त्याचं नाव मात्र इंद्राग्निदत्त, बापाचं धर्मदेव. आणि याच नाशिकच्या डोंगरात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या आईचा लेख आहे, त्यात मुलाला शक, यवन, पह्लव यांचा संहार करणारा म्हटलं आहे. एका लेण्यात यवन पुण्य जोडतो आहे आणि दुसऱ्या लेण्यात त्याच्या संहाराची कीर्ती कोरलेली आहे. राजाची प्रशस्ती किती मनावर घ्यायची, हे त्यावरून ठरवावं.

हे सगळं आपण वाचू शकतो, त्यात ग्रीक अक्षरांचा मोठा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राह्मी कुणालाच येत नव्हती. कार्ल्याचे लेख लोकांना दिसत होते, वाचता कुणालाच येत नव्हते. वायव्येकडच्या ग्रीक राजांनी मात्र नाण्यांवर दोन लिप्या घातल्या होत्या. अ‍ॅगाथोक्लीज नावाच्या राजाच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीकात 'राजा अ‍ॅगाथोक्लीजचे' असा मजकूर आहे आणि दुसऱ्या बाजूला तेच नाव ब्राह्मीत. १८३६ मध्ये ख्रिस्तियन लासेनने ग्रीक नावाचा धागा धरून ती ब्राह्मी अक्षरं लावली. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या लक्षात आलं, की सांचीचे बारके लेख ठरावीक दोन अक्षरांनी संपतात. देवळात माणूस काय लिहील? दिलं, असंच लिहील. 'दानं.' तिथून कुलूप उघडलं. कार्ल्याच्या यवनाचा लेखही त्याच शब्दाने संपतो.

लेख वाचण्याच्या विद्येत पहिलं काम हाताचं आहे, डोक्याचं नंतर. दगड साफ करून ओला करायचा, त्यावर भिजवलेला कागद बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा आणि वाळत आला की शाईच्या बोळ्याने हलक्या हाताने टिपायचा. अक्षरं पांढरी, बाकी सगळं काळं. याला आपल्याकडे ठसा घेणं म्हणतात. ग्रीक लेखांचे अभ्यासक शाई वापरतच नाहीत. त्यांचा कागद जाड असतो, वाळला की तो दगडाचा साचा होऊन हातात येतो आणि तिरप्या उजेडात धरून वाचायचा. कागदाच्या मागच्या अंगाला अक्षरं उठून दिसतात, पण उलटी. त्यामुळे बरेच जण उलटं वाचायला सरावतात. (लेणी संरक्षित आहेत. हौस म्हणून कुणी कागद-पाणी घेऊन कार्ल्याला जाऊ नये.)

उलट्या अक्षरांची जुन्या ग्रीकांना अडचण नव्हतीच. इसवी सनापूर्वी आठशेच्या सुमाराला त्यांनी फिनिशियन व्यापाऱ्यांची बावीस अक्षरं उचलली. ती सगळी व्यंजनं. स्वर वाचणाऱ्याने आपल्या मनाने घालायचे. ग्रीकांनी त्यांना नको असलेल्या अक्षरांना स्वर बनवलं. बैलाच्या डोक्याचं 'आलेफ' होतं त्याचं 'आल्फा' झालं, म्हणजे 'अ'. स्वराला व्यंजनाच्या बरोबरीचं स्वतंत्र घर मिळालं. आपल्या ब्राह्मीने स्वराला काना-मात्रा करून व्यंजनाच्या अंगावर चढवलं, आणि मोडीने तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सोडून दिला.

सुरुवातीला ग्रीक उजवीकडून डावीकडे लिहीत. मग काही शतकं एक ओळ अशी तर पुढची तशी. वळलेल्या ओळीत अक्षरांचीही तोंडं वळलेली. त्या पद्धतीला त्यांनी नाव दिलं 'बैल वळतो तसं'. क्रीटमधल्या गोर्टिनचा मोठा कायदा असा भिंतभर कोरलेला आहे. मावळातल्या भातखाचरात औत धरलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागणार नाही. एक तास संपलं की बैल फिरवायचा आणि शेजारून दुसरं धरायचं, रिकाम्या औताने परत कोण येतं? आंध्रातल्या येर्रागुडीला अशोकाच्या लेखाचा काही भागही असाच वळत वळत कोरलेला आहे.

प्रत्येक ग्रीक नगराची वर्णमाला थोडी वेगळी होती. अथेन्समध्ये दोन उभ्या रेघा आणि मधे आडवी दांडी असलेलं अक्षर 'ह' म्हणून वापरत. आयोनियातल्या लोकांच्या बोलण्यातून 'ह' गेला होता, म्हणून त्यांनी तेच अक्षर दीर्घ 'ए'ला दिलं. इसवी सनापूर्वी ४०३ मध्ये अथेन्सने सरकारी लिखाणासाठी आयोनियाची वर्णमाला घेतली आणि 'ह'चं अक्षर गेलं. हे सगळं इतकं तपशिलात सांगायचं कारण महाराष्ट्रातच आहे.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. याच नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्षूंना गाव दिल्याचा लेख चैत्यात आहे. नाण्यावर राजाचं डोकं आणि भोवती ग्रीक अक्षरं. मागे तोच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठीत. आपल्या मातीतली यवनानी ती ही.

पण ती वाचायला गेलं तर भाषा ग्रीक नाही! 'रञो', म्हणजे राजाचं, हा प्राकृत शब्द ग्रीक अक्षरांत उतरवला आहे. पुढे नहपानाचं नाव. ब्राह्मीत ते पाच अक्षरांत आणि एका कान्यात बसतं: नहपानस. ग्रीकात नऊ अक्षरं लागली, त्यांतली चार नुसते 'अ'. शेवटच्या 'स'नंतर 'अ' नाहीच. तो ग्रीक वळणाचा शेवट असेल, किंवा बोलताना आपण आजही शेवटचा 'अ' गिळतो तसा तेव्हाही गिळत असतील. मला दुसरं मानायला आवडेल, पण त्याला पुरावा नाही.

आणि या नावातला 'ह' कशाने लिहिला आहे? दोन उभ्या रेघा आणि आडवी दांडी. अथेन्सने जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी टाकून दिलेलं काम ते अक्षर इथे पुन्हा करतं आहे. जुन्या ग्रीकाची आठवण असण्याचा संभव फार कमी. रोमन लिपीत ते अक्षर 'ह'च राहिलं होतं आणि रोमची नाणी तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर मुबलक उतरत होती. साचा कोरणाऱ्याच्या हातात ग्रीक आणि रोमन वळणं मिसळली असावीत. 'स' त्याने अर्धचंद्रासारखा काढला आहे, तेव्हाच्या ग्रीक हस्ताक्षरात रूढ होता तसा. म्हणजे माणूस अगदीच अडाणी नव्हता.

त्याच्यामागून आलेले मात्र होते. नहपानानंतरच्या क्षत्रप राजांनी तीनेक शतकं तशीच नाणी पाडली, डोक्याभोवती ग्रीक अक्षरांची कड ठेवली, पण ती वाचता येणारं कुणी उरलं नव्हतं. अक्षरांची हळूहळू उभ्या रेघांची नि वर्तुळांची वेलबुट्टी झाली. जोगलटेंभीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांचं तेवढंही भाग्य नव्हतं. गौतमीपुत्राने नहपानाला हरवून त्यांवर आपला छाप मारला. कार्ल्यालाही त्याचा हुकूम कोरलेला आहे, मामाडच्या अमात्याला दिलेला. मामाड म्हणजे आपलं मावळ.

कार्ल्याला एकवीरा देवीच्या दर्शनाची रांग ओलांडून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. डोळे सरावले की खांबावर सिहधयाची ओळ शोधायची. त्यातल्या 'थंभो'चा 'थ' ब्राह्मीत असा काढतात: एक वर्तुळ आणि मधे टिंब. ग्रीक थीटाही असाच काढत, आणि त्याचा जुना उच्चारही 'थ'च. ब्राह्मीने तो तिकडून घेतला की दोघांचा योगायोगाने जुळला, हा वाद जुना आहे. सिहधयाला यवनानी येत असेल, तर आपल्याच खांबावरच्या लेखातलं हे अक्षर त्याला कुणाला विचारायला लागलं नसेल.