उघड्या फायलींतून वाट काढताना

खानदेशातली मुलेमुली संगणकाची पदवी घेतात आणि गाडी धरून पुण्याला जातात. जळगावजवळच्या बांभोरीत 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जळगावात 1996 मध्ये शासकीय महाविद्यालय आले, धुळे-शिरपूरकडेही हे शिक्षण रुजले. प्रोग्राम लिहिणे या मुलांना येते. हिंजवडीच्या कंपनीत पहिल्या आठवड्यात त्यांना अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. आधीच्या लोकांनी पंधरा-वीस वर्षे लिहिलेला, हजारो फायलींत पसरलेला प्रोग्राम समोर येतो आणि मनात एकच प्रश्न घोळत राहतो: ते फंक्शन कोठे शे?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच कोड एडिटर नावाचे यंत्र गेली पन्नास वर्षे घडत आले आहे. त्याची ओळख मात्र आपण ‘टाइप करायची जागा’ एवढीच करून देतो.

महाराष्ट्रातल्या कितीतरी प्रयोगशाळांत पहिली ओळख झाली ती टर्बो सीच्या निळ्या पडद्याशी. बोरलँड कंपनीचे हे डॉसवरचे साधन जगाने सोडल्यानंतरही आपल्याकडे वर्षानुवर्षे टिकले. उघड्या फायली सांभाळण्याची चांगली सोय त्यात होती. प्रत्येक फाइल स्वतःच्या चौकटीत उघडायची, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात तिचा क्रमांक असायचा. अल्ट दाबून तो क्रमांक दिला की थेट त्या फाइलीत जाता येई, अल्ट आणि शून्य दाबले की सगळ्या चौकटींची यादी मिळे, एफ6 ने पुढची चौकट येई. पण ही बटणे फारशी कोणी शिकवली नाहीत, कारण गरजच पडली नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीतला प्रत्येक प्रोग्राम एका फाइलीत मावायचा. मूळ संख्या शोधा, मॅट्रिक्सचा गुणाकार करा, लिंक्ड लिस्ट उलटी करा. ज्या घराला एकच खोली, तिथे वाट कोण विचारणार? मुलांना पुढे जे जड जाते त्याचे मूळ इथे आहे, असे माझे ठाम मत आहे.

फायलींतून फिरण्याचा खरा विचार झाला तो टर्बो सीच्या आधी. 1976 मध्ये बर्कलेत बिल जॉयने ‘व्हीआय’ लिहिला. त्याच्यासमोरच्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाणांची वेगळी बटणे नव्हती. एच, जे, के, एल या अक्षरांवरच बाण छापलेले होते. म्हणून आजही तो एडिटर वापरणारे त्याच चार अक्षरांनी डावीकडे, खाली, वर, उजवीकडे फिरतात. त्याचा वारस ‘व्हिम’ 1991 मध्ये ब्राम मोलेनार या डच प्रोग्रामरने लोकांसमोर आणला. व्हिम फुकट होता. आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी मदत पाठवा, एवढीच त्याची विनंती असे. मोलेनार 2023 च्या ऑगस्टमध्ये गेले; तोपर्यंत जवळजवळ बत्तीस वर्षे ते हा एडिटर सांभाळत होते.

व्हिमने, आणि व्हीआयच्याच काळात एमआयटीत जन्मलेल्या ईमॅक्स या एडिटरने, एक भेद स्पष्ट केला: फाइल उघडी असणे आणि ती डोळ्यांसमोर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उघडलेल्या मजकुराला ते ‘बफर’ म्हणतात. बफर पन्नास असतील, पडद्यावर दोनच. बाकीचे मागे शांत राहतात, नावाची दोन-चार अक्षरे दिली की पुढे येतात. व्हिममध्ये टॅब आले ते थेट 2006 मध्ये, तेही चौकटींची मांडणी जपण्यासाठी. वीस टॅबची रांग लावून त्यांतून डोळ्यांनी शोधत बसणाऱ्याला ही जुनी मांडणी आजही पुष्कळ शिकवते.

मराठीत लिहिणाऱ्याला मात्र इथे एक अडचण येते. संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असेल तर एच, जे, के, एल दाबल्यावर प, र, क, त उमटतात; व्हिमला त्या आज्ञा कळत नाहीत आणि कर्सर जागचा हलत नाही. व्हिमचा स्वतःचा ‘कीमॅप’ वापरला तर लिहिताना देवनागरी आणि फिरताना रोमन, अशी विभागणी करता येते. मराठी मजकूर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा बसवून घ्यावे.

आजची मुले बहुधा मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडमध्ये काम करतात. तो 2015 मध्ये आला. त्यात फाइलीवर एकदा क्लिक केले की टॅबवरचे नाव तिरक्या अक्षरांत दिसते. याचा अर्थ, ही फाइल फक्त डोकावण्यासाठी उघडली आहे. दुसऱ्या फाइलीवर क्लिक करताच त्याच टॅबमध्ये ती दुसरी येते. दोनदा क्लिक केले किंवा मजकुरात बदल केला, तरच ती कायमची बसते. अनेक जण सवयीने दोनदा क्लिक करतात आणि मग टॅबच्या गर्दीत हरवतात. उघड्या फायलींवर मर्यादा घालण्याची सोयही सेटिंगमध्ये आहे: आकडा ओलांडला की सर्वांत जास्त वेळ न पाहिलेली फाइल आपोआप मिटते. ही मर्यादा आठ-दहावर ठेवावी, असे मी सुचवेन. मिटलेली फाइल हरवत नाही. कंट्रोल+पी दाबून नावातली काही अक्षरे टाइप केली की क्षणात येते.

धुळ्यात 1927 मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी जुन्या कागदांवर काम करणारा माणूस सगळे रुमाल एकदम सोडून बसत नाही. तो सूची पाहतो, हवा तोच रुमाल सोडतो. एडिटरमधली सूची म्हणजे एफ12: नावावर कर्सर ठेवून ते दाबले की त्या नावाची व्याख्या जिथे असेल तिथे आपण पोचतो. शिफ्ट+एफ12 ने ते नाव कुठे कुठे वापरले आहे ते कळते. पूर्वी ही सूची ‘सीटॅग्ज’ हा वेगळा प्रोग्राम तयार करून देई. प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी अशी समज निराळी शिकवावी लागे. 2016 मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर झाला आणि ते काम भाषेच्या सर्व्हरकडे गेले. एडिटरने फक्त विचारायचे. त्यामुळे आज व्हिममध्येही तीच सोय मिळते.

प्रत्यक्ष करून पाहायचे असेल तर गिटचा स्रोत उतरवून घ्या. लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये सुरू केलेला, फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा हा प्रोग्राम सी भाषेत आहे, म्हणजे आपल्या अभ्यासक्रमातल्याच. एडिटरला सी भाषेचे एक्स्टेंशन जोडा. ‘गिट ॲड’ ही आज्ञा नेमके काय करते, ते शोधू. ‘गिट.सी’ फाइलीत आज्ञांचा तक्ता आहे, त्यात ‘ॲड’समोर ‘सीएमडी_ॲड’ हे नाव दिसते. त्यावर एफ12 दाबा, आपण ‘बिल्टइन’ फोल्डरातल्या ‘ॲड.सी’मध्ये. तिथून फाइल नोंदवणाऱ्या फंक्शनचा माग काढत गेलो की ‘रीड-कॅश.सी’ येते. तीन फायली, दोन-तीन उड्या. आता अल्ट आणि डावा बाण दाबत राहा. आलो त्याच वाटेने एकेक पाऊल मागे येतो. व्हिममध्ये हेच काम कंट्रोल+ओ करतो.

परतीचे हे बटण मला सर्वांत मोलाचे वाटते. परत येता येईल अशी खात्री असेल तर माणूस अनोळखी फाइलीत निर्धास्त शिरतो, पुढची व्याख्या उघडतो, आणखी आत जातो. ती खात्री नसली की प्रत्येक फाइल धरून ठेवतो, टॅब साठत जातात आणि शेवटी कशासाठी निघालो होतो तेच आठवत नाही.

जळगाव-धुळ्याच्या पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांना म्हणून विनंती आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत एक प्रयोग वाढवा: दुसऱ्याने लिहिलेला मोठा प्रोग्राम द्या, एक आज्ञा सांगा आणि ती कोणत्या फाइलीतून कोणत्या फाइलीत जाते त्याचा माग मुलांकडून लिहून घ्या. त्यासाठी लागणारे सगळे फुकट मिळते, आणि दोन तासांच्या एका तासिकेत हा प्रयोग होतो.