डोलकाठीचं माप

६.१५
कुलाब्याच्या धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्यात, शेवाळलेल्या. उधाणाचे दिवस, ओहोटी पार खाली. शिडं शिवणाऱ्या मास्तरांच्या खांद्याला पिशवी. आत ३० मीटरची पोलादी टेप, व्हर्निअर, बारीक दोरीचा गुंडा आणि वही. सोबत भाचा. होडीवाला जाऊन-येऊन ६०० मागतो. घासाघीस होत नाही. गरज आपली असते.

७.००
तेहतीस फुटी जुनी यॉट. मालकाला दोन नवी शिडं हवीत. त्यांनी मूळ माहितीपत्रकातली मापं पाठवलीयत. मास्तरांनी ती पिशवीतून बाहेरही काढलेली नाहीत.

वारा नाही, म्हणून इतक्या लवकर. वाऱ्यात टेप पोट काढते आणि माप खोटं येतं. भाचा टेपची कडी हॅलयार्डला, मोठं शीड वर चढवायच्या दोरीला, अडकवतो. त्याच कडीला दुसरी दोरी, खाली ओढायला. ती विसरली आणि कडी वर अडकली, तर कोणीतरी डोलकाठीवर चढायचं. कोण, ते भाच्याला ठाऊक आहे.

"मामा, टोकाला लागली."

"ताण. अजून."

बूमच्या, शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, वरच्या कडेला डोळा लावून मास्तर वाचतात. ११ मीटर २०. पुन्हा खाली, पुन्हा वर. तेच. हा 'पी'. माहितीपत्रकात ११.२८ आहे, हे आता कळतं. बूमचा सांधा कधीतरी बदललाय आणि वर बसवलाय. कागदावरून शीड शिवलं असतं, तर पूर्ण ताणायला वर जागाच उरली नसती. कापड वापरात लांबतं, म्हणून मास्तर ११.२० मधूनही कापतात. वहीत शिडाची उभी बाजू ११.०८.

बूमवरचा 'ई' ३.७०. पी गुणिले ई भागिले दोन, पावणेएकवीस चौरस मीटर. मागच्या कडेचा फुगवटा वेगळा.

८.४५
पुढचा त्रिकोण. डेकपासून वर 'आय' १२.८०, डोलकाठीच्या पुढच्या अंगापासून फोरस्टेपर्यंत, पुढच्या तारेपर्यंत, 'जे' ३.९०. पण शीड गुंडाळायचा फर्लर आहे. खाली ड्रम, वर स्विव्हल, दोन्ही जागा खातात. फोरस्टे तेरा मीटरच्या वर, शिडाला हाती लागतात १२.३०. मग खोबणीची रुंदी, शिडाच्या स्लाइड, डोलकाठीवरचे आडवे स्प्रेडर नेमके कुठे कापडाला घासतील. अर्धा वेळ या बारक्या मापांतच जातो. नवं शीड सहसा यांच्यापायीच फाटतं.

११.००
वायव्येचा वारा उठला. टेप गुंडाळली. धक्क्याच्या निम्म्या पायऱ्या पाण्याखाली गेल्यात.

१.३०
माझगावचा गाळा. भाकरी, सुकट. झिगझॅग शिलाईचं मशीन जमिनीत खड्डा करून बसवलंय, कापड फरशीवर सपाट पसरावं म्हणून. पूर्वी या फरशीवर अख्खी शिडं आखली जायची. आता मास्तर आकडे फॉर्ममध्ये भरतात, शीड कोलंबोकडच्या कारखान्यात कापलं जातं. फरशी दुरुस्तीला राहिलीय.

आज एक जुनं जिनोआ, पुढचं मोठं शीड, आलंय. कापड ठीक, दोरा मेलेला. उन्हात आधी दोराच कुजतो. उन्हापासून वाचवणारी कडेची पट्टी उसवून पुन्हा शिवायची. ६१ फूट, फुटाला ६० रुपये. ३,६६० झाले, त्यात दोरा मास्तरांचा. कोपऱ्याचे थर मशीन घेत नाही. तिथे तळहाताला चामड्याची पट्टी, तीन कडांची सुई आणि मेण. एका टाक्याला दोनदा जोर.

५.३०
मालकांचा फोन.

"मास्तर, पुढचं शीड दीडशे टक्के करू या का?"

"एकशे पस्तीस पुरे, साहेब. दुपारच्या वाऱ्यात दीडशे अर्धं गुंडाळूनच चालवाल. गुंडाळलेलं शीड बेढब होतं."

पलीकडे शांतता. मग, "बरं."

शिडाची रुंदी 'जे' ची १.३५ पट, ५.२६. फॉर्ममध्ये एवढंच भरायचं राहिलं होतं.

६.३०
मोजणीचे ४,०००. होडीचे ६०० गेले, भाच्याचे ९००, टॅक्सी आणि चहा वेगळे. उद्या मांडव्याला एक कॅटमरान. भाचा विचारतो, डोलकाठी किती उंच? मास्तर पाण्याची बाटली रिकामी करतात आणि म्हणतात, "दुसरी दोरी लांब घे."