विश्लेषण : द्राक्षाची बाग सापडते, मग टी-शर्टचे शेत का सापडत नाही?

नाशिकच्या द्राक्षांची पेटी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला उघडली आणि त्यात खोट निघाली, तर ती कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या प्लॉटमधली, हे पेटीवरच्या नोंदीवरून शोधता येते. कपाटातल्या टी-शर्टचा कापूस कोणत्या शेतातला, हे मात्र तो विकणाऱ्या कंपनीलाही बहुतेक वेळा सांगता येत नाही. दोन्ही शेतमालच, दोन्ही जगभर फिरणारे. मग माग नेमका कुठे तुटतो?

द्राक्षांचा माग कसा लागतो?

युरोपीय देशांत कीडनाशकांच्या उर्वरित अंशांचे निकष कडक आहेत. २००३ मध्ये भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त अंश आढळले आणि निर्यात अडचणीत आली. त्यानंतर 'अपेडा' या केंद्र सरकारच्या संस्थेने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही ऑनलाइन प्रणाली सुरू केली. निर्यात करायची तर शेतकऱ्याने आपला प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवायचा. त्या प्लॉटला क्रमांक मिळतो आणि प्रयोगशाळेतला नमुना, पॅकहाऊसमधली नोंद, पेटीवरची माहिती हे सगळे त्याच क्रमांकाला जोडले जाते. नमुना थेट बागेतून घेतला जातो. अहवाल चांगला आला तरच माल पुढे जातो.

तरीही २०१० मध्ये फटका बसलाच. वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात सापडले. द्राक्षपट्ट्यात हे रसायन 'लिहोसिन' किंवा 'सीसीसी' म्हणून ओळखले जाते. इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतेच. कंटेनर अडकले, शेतकरी आणि निर्यातदार दोघेही गोत्यात आले. प्रणालीला बाग ठाऊक होती, पण जे तपासायचेच ठरले नव्हते ते तिला दिसणार कसे? पुढे हे रसायन यादीत आले.

कापसाच्या बाबतीत अडचण काय?

द्राक्षाचा घड बागेतून ग्राहकापर्यंत घडच राहतो. कापसाचे तसे नाही.

यवतमाळ किंवा अकोल्याच्या बाजारात आलेला कापूस व्यापारी किंवा कापूस महामंडळ (सीसीआय) घेते. जिनिंगच्या आवारात त्याचे ढीग लागतात आणि एका ढिगात अनेक गावांचा कापूस एकत्र होतो. सरकी वेगळी काढून उरलेल्या रुईची साधारण १७० किलोची गाठ बांधतात. एक क्विंटल कापसातून ३४-३५ किलो रुई मिळते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. तो एकाच शेतातला असेल याची काही खात्री नाही.

खरे मिश्रण तर पुढे होते. धाग्याची लांबी, ताकद, जाडी प्रत्येक गाठीत थोडी वेगळी असते. सूत एकसारखे निघावे म्हणून सूतगिरणीत कितीतरी गाठी ओळीने मांडतात आणि प्रत्येकीतून थोडी थोडी रुई उचलतात. यात फसवाफसवी काही नाही, चांगले सूत असेच बनते. गिरणी परदेशी रुई वापरत असेल, तर तीही यात मिसळते. हे सूत तिरुपूरला जाते किंवा बांगलादेशात. तिथे विणकाम, रंगाई, शिलाई होते. लेबलवर 'मेड इन बांगलादेश' असले, तरी त्यातून कापसाचे शेत कुठले ते कळत नाही.

स्वयंपाकघरातल्या तूरडाळीचेही थोडेफार असेच. मोझांबिक किंवा म्यानमारहून आलेली तूर इथल्या मिलमध्ये भरडली आणि सुट्ट्या डाळीच्या पोत्यात गेली, की ग्राहकासाठी तिचे गाव संपते.

शोधण्याची गरज का पडते?

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तयार कपड्यांच्या कारखान्यांतले ११०० हून अधिक लोक मेले. तिथे कोणत्या ब्रँडचे कपडे शिवले जात होते, हे शोधण्यासाठी ढिगाऱ्यातून लेबले आणि कागद गोळा करावे लागले.

त्यानंतर दबाव वाढला, तो कायद्यांतूनही. जगातला सुमारे पाचवा हिस्सा कापूस चीनच्या शिनजियांग प्रांतात पिकतो. तिथे उइगुरांकडून सक्तीने काम करून घेतले जाते, असे आरोप आहेत. जून २०२२ पासून लागू झालेल्या अमेरिकी कायद्यानुसार तिथला माल सक्तीच्या श्रमातलाच मानला जातो. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदाराची. त्यामुळे रुई कुठली, याचे कागद अमेरिकेपासून उलट्या दिशेने थेट गिरणीपर्यंत मागितले जातात.

कागदांवर विसंबता येते का?

नेहमीच नाही. 'इजिप्शियन कॉटन' म्हणून विकलेल्या साडेसात लाख चादरी आणि उशांच्या अभ्र्यांत दुसराच कापूस असल्याचे सांगत २०१६ मध्ये अमेरिकेच्या 'टार्गेट'ने 'वेलस्पन इंडिया'शी व्यवहार थांबवला. २०२० चे प्रकरण तर अधिक धीट. सेंद्रिय कापडाचे जागतिक मानक ठरवणाऱ्या 'गॉट्स'ला भारतात २० हजार टन कापसाची बनावट प्रमाणपत्रे सापडली. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, की सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब बनावट प्रत उघडायची!

मग उपाय?

पावसाचे पाणी, माती, हवामान यांचा ठसा धाग्यातल्या ऑक्सिजन, हायड्रोजनच्या समस्थानिकांच्या प्रमाणात उतरतो. तो मोजून कापसाचा प्रदेश ओळखणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. अर्थात चार प्रदेशांची रुई एकत्र आली की हा ठसाही पुसट होतो. केंद्राच्या 'कस्तुरी कॉटन भारत' उपक्रमात गाठीवर क्यूआर कोड असतो आणि पुढची नोंद ब्लॉकचेनवर होते. ब्लॉकचेनमधली नोंद नंतर बदलणे अवघड, हे खरे. पण जिनिंगच्या आवारात दोन ढीग वेगळे ठेवले होते की नाही, ते ब्लॉकचेनला दिसत नाही.

ढीग वेगळे ठेवायचे तर जागा लागते, यंत्र मध्येच थांबवून साफ करावे लागते. निर्यातीच्या द्राक्षाला स्थानिक बाजारापेक्षा जास्त दर मिळण्याची आशा असते, म्हणून बागायतदार नोंदींचा खटाटोप करतो. एका टी-शर्टला कताई-कटाईतली घट धरून साधारण पाऊण किलो कापूस लागतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे टी-शर्टमागे शेतकऱ्याचे सुमारे ६० रुपये. वेगळ्या ढिगाचा खर्च या साठ रुपयांतूनच कापला जाणार असेल, तर विदर्भातला शेतकरी वेगळा ढीग मागणार नाही आणि जिनिंगवाला ठेवणार नाही.