पेव : जमिनीच्या पोटातील जादूची पोतडी

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कल्पनाविश्वातील भूमिकांचा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. या खेळातील वीरांना एक जादूची पोतडी सापडते. बाहेरून ती साधी पिशवी दिसते. आत मात्र ६४ घनफूट जागा असते. कितीही भरली तरी पोतडीचे वजन तेवढेच राहते. आपल्याकडे द्रौपदीची थाळी आहे, उर्दू दास्तानांत अमर अय्यारची झंबील आहे. मावणार नाही ते मावावे आणि लागेल तेव्हा निघावे, ही माणसाची जुनी इच्छा आहे.

या खेळाच्या नियमांत दोन अटी मात्र विलक्षण व्यवहारी आहेत. पोतडीत ५०० पौंडांहून, म्हणजे सुमारे सव्वादोन क्विंटलांहून अधिक भार घातला तर ती फाटते. आत जिवंत माणूस शिरला तर त्याला जेमतेम १० मिनिटे पुरेल एवढीच हवा मिळते. दोघे शिरले तर प्रत्येकी पाच मिनिटे. पहिली अट परभणी जिल्ह्यातील जुन्या शेतकऱ्याला हास्यास्पद वाटली असती. ६४ घनफूट जागेत अंदाजे १३ क्विंटल ज्वारी सहज मावते. दुसरी अट मात्र त्याला तंतोतंत पटली असती, कारण त्याच्या अंगणाखालीही अशीच एक पोतडी होती. तिचे नाव पेव.

घडण आणि विज्ञान

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातील हा मुलूख ज्वारीचा. परंतु पेव काळ्या रानात खोदत नसत. काळी माती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यासाठी गावठाणातील पांढरीची किंवा मुरमाची उंच, निचऱ्याची जागा निवडली जाई. तोंड एक माणूस उतरेल एवढेच अरुंद, पोट मात्र रांजणासारखे रुंद. आतून शेणमातीने लिंपून तळाला आणि कडेला कडबा लावीत. रब्बीची ज्वारी खणखणीत वाळली की ती आत ओतायची, वर पुन्हा कडबा, मग दगडी फरशी आणि माती. वरून चालणाऱ्याला खाली काय दडले आहे, याचा पत्ताही लागत नसे.

यातील जादू हवेची आहे. तोंड बंद झाल्यावर धान्य आणि त्यातील किडी श्वसन करीत राहतात. हळूहळू प्राणवायू संपत जातो, कर्बद्विप्रणील वायू वाढतो आणि अखेरीस किडी गुदमरून मरतात. जमिनीखालील तापमानही फारसे बदलत नाही. म्हणून औषधाच्या कणाविना धान्य वर्षानुवर्षे टिके. भिंतीलगतच्या थराला ओल लागून बुरशी येई, धान्याला पेवाचा उग्र दर्प लागे. मधला गाभा मात्र खाण्याजोगा राही. दुष्काळी वर्षी तोच कामी येत असे.

पोतडी जीवही घेते

जो वायू किडे मारतो, तोच माणसालाही मारतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो; त्याला ना रंग, ना वास. घाईने उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही त्याच वाटेने जातो. म्हणून पेव उघडल्यावर ते बराच वेळ तसेच ठेवण्याचा आणि आत दिवा सोडून पाहण्याचा शिरस्ता होता. दिवा विझला तर उतरणे नाही. मात्र दिवा जळत राहिला म्हणजे हवा निर्धोक, असेही मानता येत नाही. हा वायू घातक प्रमाणात असतानाही ज्योत तेवत राहू शकते. पेवे गेली, तरी पडक्या विहिरी आणि मैल्याच्या बंद टाक्या आजही याच रीतीने बळी घेतात. तेथे मदतीसाठी उडी घेणे हे धाडस नव्हे, तो दुसरा अपघात ठरतो.

पेव गेले, तत्त्व उरले

रास्त भावाच्या दुकानातील धान्य, गोदामे, कापूस आणि सोयाबीन यांसारखी नगदी पिके आली आणि वर्षांची बेगमी करण्याची निकड सरली. पेवे बुजली. अनेक गोष्टींचे एकाएकी 'पेव फुटते' असे म्हणताना तो शब्द कोठून आला, हेही शहरी माणसाला आठवत नाही.

तत्त्व मात्र जगभर परतले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी हवाबंद पिशव्यांची पद्धत विकसित केली. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेले पोते आणि घट्ट आवळलेले तोंड. आतले किडे स्वतःच्याच श्वासाने संपतात. परभणीच्या पांढरीत जे जमिनीत पुरले जात होते, ते आता खांद्यावरून नेता येते. खेळातील पोतडीशी तिचे साम्य इतकेच, की बाहेरून तीही साधीच दिसते. तिचे सामर्थ्य तिच्या घट्ट मिटलेल्या तोंडात आहे.