गाठी जास्त म्हणजे सोयाबीन जास्त, असं नाही

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. पण युरिया मिळाला की झाड गाठी धरणं कमी करतं. मग भरपूर गाठींचं वाणच का काढू नये?

ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकात ते झालं. ‘ब्रॅग’ वाणापासून असं झाड मिळालं, की नत्र असला तरी गाठी लगडलेल्याच. उत्पादन मात्र मूळ वाणापेक्षा कमी! जिवाणू फुकट राबत नाहीत, झाडाला त्यांना साखर पुरवावी लागते. सगळी गाठींनीच खाल्ली, तर शेंगांना काय उरणार?

नायजेरियात इबादानच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. तिथल्या मातीतल्याच जिवाणूंशी जुळणारे ‘टीजीएक्स’ वाण संकरातून काढले. ते शेतकऱ्यांच्या शेतापर्यंत पोचले.

इकडे बियाण्याला किलोमागे 25 ग्रॅम रायझोबियम चोळायचं आणि उभ्या पिकात युरिया फेकायचा, असं बरेच जण करतात. म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं. फुलोऱ्यात एखादं झाड मातीसकट उकरा, गाठ नखाने फोडा. आतून लालसर दिसली तर काम चालू आहे; हिरवट किंवा राखाडी असेल तर बंद.